खोकला, वायफाय आणि ‘त्याआधी काय बदललं?’



इथे मी नेहमी बीपी, शुगर, थायरॉईड यांवर लिहितो. आजची सुरुवात मात्र माझ्या लॅपटॉपच्या दुखण्यापासून आहे. शेवट बीपीच्या गोळीवर होईल, तेव्हा थोडा धीर धरा.

आमचं मौदा नागपूर-भंडारा रस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी. गावाजवळ २३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. पण उन्हाळ्यात वादळ सुटून झाडाची फांदी तारांवर पडली की माझ्या दवाखान्यात अंधार व्हायचा तो होतोच. राउटर छोट्या इन्व्हर्टरवर चालतो, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर.

मे महिन्यातली गोष्ट. जवळच्या खेड्यातल्या एक मावशी समोर बसल्या होत्या. वय साठीच्या पुढे, अडीच महिन्यांपासून कोरडा खोकला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हटल्यावर थुंकीची तपासणी करायलाच हवी, ती केली होती. टीबी नव्हता. नागपूरला जाऊन छातीचा एक्सरेही काढून आणला होता. तोही मला स्वच्छ वाटत होता. तरी खात्री असावी म्हणून नागपूरच्या एका छातीरोगतज्ज्ञ मित्राला व्हिडिओ कॉलवर मावशींना दाखवायचं आणि एक्सरेच्या मूळ फाइल पाठवायच्या, असं ठरलं होतं.

कॉल लागला आणि दोन मिनिटांत तुटला. लॅपटॉपचं वायफाय गेलं. पुन्हा जोडलं, पुन्हा गेलं. मावशींच्या मुलाच्या मोबाईलवर मात्र तेच वायफाय मजेत चालू होतं.

“डॉक्टरसाहेब, तुमचा कंप्युटर बी आजारी पडला का जी?” मावशी म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्यांना दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं, सोबत खोकल्याच्या औषधाची आणखी एक बाटली दिली. ती चौथी.

मी केलेला उपचार

रात्री दवाखाना बंद करून मी लॅपटॉपवर उपचार सुरू केले. राउटर बंद करून चालू केला. वायफायचं नाव काढून टाकून पासवर्ड नव्याने घातला. अडॅप्टरचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. लॅपटॉप रीस्टार्ट केला. टेबल आणि राउटर यांच्या मध्ये पत्र्याचा मोठा कुलर होता, तोही ओढून पलीकडच्या भिंतीशी नेला. वायफाय लगेच सुरू झालं आणि तासभर टिकलं.

मी खूश. निदानही करून टाकलं : कुलर! पत्र्यातून रेडिओ लहरी जात नाहीत, पाणी त्या शोषून घेतं, आणि आमचा वैदर्भीय कुलर म्हणजे पाण्याने भरलेली पत्र्याची पेटी. शास्त्र बरोबरच होतं. निदान चूक होतं.

दोन दिवसांनी मावशी आल्या, कॉल लावला आणि नेमकी वीज गेली. कुलर बंद, तोही पलीकडच्या कोपऱ्यात. राउटर इन्व्हर्टरवर चालू. आणि लॅपटॉपचं वायफाय तिसऱ्या मिनिटाला गायब. मावशी दुसऱ्यांदा उन्हातून आल्या होत्या, दुसऱ्यांदा तशाच परतल्या.

दुकानातल्या मुलाने घेतलेली हिस्ट्री

दुसऱ्या दिवशी कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाला बोलावलं. वय असेल बावीस-तेवीस. मला वाटलं, आल्याबरोबर स्क्रू काढायला घेईल. त्याने लॅपटॉपला हातही लावला नाही.

“सर, कवापासून होऊन राहिलं हे?”

“महिना झाला असेल.”

“चार्जर लावून असते तेव्हा पण होते का?”

मला सांगता येईना. मी ते पाहिलंच नव्हतं.

“बरं, हे सुरू व्हायच्या आधी काही नवीन टाकलं होतं, काही बदलवलं होतं का?”

आणि मला आठवलं. एप्रिलमध्ये वादळाने तीन-चार वेळा वीज गेली होती. बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून मीच सेटिंगमध्ये जाऊन सगळीकडे वीज वाचवण्याचा पर्याय निवडला होता. त्यात वायरलेस अडॅप्टरचाही होता.

त्याने समजावून सांगितलं ते असं. वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये अडॅप्टरचा रेडिओ सतत जागा राहत नाही, मधूनमधून डुलकी घेतो. तेवढ्या वेळात आलेली माहिती राउटरने धरून ठेवायची आणि तो जागा झाला की द्यायची, अशी दोघांमधली बोली असते. काही राउटर आणि अडॅप्टर यांचं यात नीट जुळत नाही, मग जोडणी तुटते. ही सेटिंग बॅटरीसाठी वेगळी आणि चार्जरसाठी वेगळी असते. मी फक्त बॅटरीची बदलली होती.

आता कुलरचं कोडंही सुटलं. माझ्या टेबलाजवळ सॉकेट एकच आहे आणि उन्हाळ्यात ते कुलरचं असतं. म्हणजे लॅपटॉप दिवसभर बॅटरीवर. त्या रात्री कुलर पलीकडे नेला, त्याची पिन दुसऱ्या भिंतीत गेली, रिकाम्या सॉकेटमध्ये मी सहज चार्जर लावला. वायफाय सुधारलं ते चार्जरमुळे, आणि श्रेय मी दिलं कुलर हलवण्याला. एका रात्रीत पाच उपाय केले नसते तर ही फसगत झाली नसती.

मुलाने बॅटरीखालची ती एक सेटिंग पूर्ववत केली. बाकी कशाला हात लावला नाही. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवून दाखवला. मग सेटिंग पुन्हा माझ्यासारखी करून बघितली. वायफाय गेलं. परत सरळ केली. आलं.

तो गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. कवापासून? त्याआधी काय बदलवलं? हे प्रश्न मी एमबीबीएसच्या पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये शिकलो होतो. मग मी मावशींची फाइल काढली.

फाइलमध्ये काय होतं

फेब्रुवारीत मावशींच्या पायांवर सूज येत होती. बीपीसाठी त्या अ‍ॅम्लोडिपिन घेत होत्या, आणि त्या गोळीने घोट्यांवर सूज येऊ शकते. म्हणून मी ती बंद करून रॅमिप्रिल सुरू केली. सूज उतरली. बीपी छान राहिलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फाइलमध्ये माझ्याच अक्षरात नोंद आहे : ‘कोरडा खोकला, ८ दिवस’.

रॅमिप्रिल, एनालॅप्रिल, लिसिनोप्रिल या ‘प्रिल’ गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला होतो. आपल्या शरीरातलं एक एन्झाइम या गोळ्या अडवतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होऊन बीपी उतरतं. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचीही विल्हेवाट लावत असतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन साचतो आणि घशात, श्वासनलिकेत खवखव सुरू होते. स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. गोळी सुरू केल्यापासून काही दिवसांत किंवा काही महिन्यांनीही तो सुरू होऊ शकतो, म्हणून संबंध चटकन लक्षात येत नाही.

वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे माहीत असतं. मलाही होतं. पण मी काय केलं? मार्चमध्ये कफ सिरप. मग अ‍ॅलर्जीची गोळी. मग अँटिबायोटिक. मग इनहेलर. गोळीच्या त्रासाला नवा आजार समजायचं आणि त्यावर आणखी औषधं द्यायची, या साखळीला पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ म्हटलं. १९९७ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लेख लिहिला होता. मी मौद्यात बसून त्याचं एक उदाहरण तयार करत होतो.

थुंकीची तपासणी आणि एक्सरे चुकीचे नव्हते. इतक्या दिवसांच्या खोकल्यात टीबी नाही ना, हे पाहायलाच हवं. चूक ही झाली की औषधांचा पहिला कागद मी उलटून पाहिला नाही, कारण तो बदल माझा होता आणि तो यशस्वी झाला होता. आपण चांगल्यासाठी केलेल्या बदलावर आपला संशय जात नाही. माझ्या लॅपटॉपचंही तेच झालं होतं.

मी मावशींच्या मुलाला फोन केला. आल्यावर त्यांना सरळ सांगितलं, “मावशी, खोकला माझ्याच गोळीने आहे असं वाटतं. माझ्या लक्षात यायला उशीर झाला.”

त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मंग टीबी नाही न जी? घरी माहा गिलास वेगळा ठेवला होता. भाचीच्या लग्नाला बी नाही गेली मी.”

थुंकीचा रिपोर्ट नॉर्मल आल्याचं मी एप्रिलमध्येच सांगितलं होतं. पण खोकला थांबला नाही, तोवर घरातल्यांचा त्या रिपोर्टवर विश्वास बसला नव्हता. माझ्या फाइलमध्ये या पेल्याची नोंद नव्हती.

या वेळी एकच बदल केला. रॅमिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन दिली, जी वेगळ्या गटातली आहे आणि जिच्याने असा खोकला क्वचितच होतो. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घेतलं. चारही बाटल्या आणि इनहेलर बंद. खोकला पहिल्या आठवड्यात कमी झाला, तिसऱ्या आठवड्यात थांबला. साधारण एक ते चार आठवडे लागतातच, कधी जास्तही. जूनमध्ये मुलगा एकटाच गोळ्या न्यायला आला. मावशी माहेरी गेल्या होत्या, भाचीला भेटायला.

लॅपटॉपचं वायफाय गेलं तर

• आधी आजाराची जागा शोधा. त्याच वायफायवर मोबाईल चालतो का? चालत असेल तर लाइन आणि राउटर ठीक आहेत. मोबाईलही चालत नसेल तर लॅपटॉप उघडू नका.

• एअरप्लेन मोड किंवा वायफायचं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, ते पाहा.

• डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरचं नाव दिसतं का? नावावर पिवळी खूण असेल तर बहुतेकदा ड्रायव्हरची गडबड. नावच नसेल तर कार्ड सैल किंवा खराब असण्याची शक्यता, तिथे दुकानदार लागेल. फक्त राउटरला चिकटून बसल्यावरच सिग्नल मिळत असेल तर आतल्या अँटेनाची वायर तपासायला सांगा.

• विंडोजमध्ये नुसतं ‘शट डाउन’ केल्याने सगळं पूर्ण बंद होतंच असं नाही. ‘रीस्टार्ट’ करा. पण रोज रीस्टार्ट करून बरं वाटत असेल तर ते कफ सिरप आहे, कारण अजून बाकी आहे.

• बॅटरीवर होतं की चार्जरवर, ते नोंदवा. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा.

• काम अडलं असेल तर मोबाईल यूएसबी वायरने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला देता येतं. मला हे त्या संध्याकाळी सुचलं असतं तर मावशींची एक फेरी वाचली असती.

नवीन त्रास सुरू झाला तर

• नवी गोळी सुरू केली की तारीख गोळ्यांच्या पाकिटावर किंवा वहीत लिहा. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, दुसऱ्या डॉक्टरांच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा.

• “हा त्रास एखाद्या गोळीने तर नाही ना?” हे डॉक्टरांना जरूर विचारा. आम्हाला राग यायचं कारण नाही.

• बीपीची गोळी मनाने बंद करू नका. हा लेख वाचून तर मुळीच नाही. बदल डॉक्टर करतील.

• ‘प्रिल’ गटातली गोळी घेताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी घेऊ नका, ताबडतोब दवाखाना गाठा. हे क्वचित होतं, पण श्वास अडू शकतो.

• खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, ताप आला, वजन घटलं, रक्त पडलं, तर गोळीवर ढकलून घरी बसू नका. तपासणी आधी.

कुलर पुन्हा जुन्या जागी आला आहे, वायफायला त्याचा काहीही त्रास नाही. फाइलच्या पहिल्या पानावर मात्र मी एक नवा रकाना आखून घेतला आहे : ‘शेवटचा बदल – कोणता, कधी, कोणी केला’. गेल्या आठवड्यात तो भरताना ‘कोणी केला’ या जागी सात वेळा माझंच नाव लिहावं लागलं.