सातबाऱ्याची सेकंड कॉपी

बॅकअप म्हटलं की जांभई येते, नाही का? पण कळमनुरीच्या माझ्या आत्याला येत नाही. नवऱ्यामागे वारसाने नावावर चढलेली तीन एकर जमीन हाच तिचा आधार. 1 मे 2018 ला राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आत्या खूश, तरी विचारते, ‘ते मशीन जळालं तर माझं वावर कुणाचं रे?’

हाच प्रश्न मी पुण्यात डेटा सेंटर सांभाळणाऱ्या मित्राला टाकला. तो म्हणाला, बॅकअप सर्व्हरला भारीतला प्रोसेसर नको. पैसे घालायचे ते मेमरीतली बारीक चूक स्वतःच दुरुस्त करणाऱ्या ईसीसी रॅममध्ये, जादा डिस्कमध्ये, डबल पॉवर सप्लायमध्ये. ऑपरेटिंग सिस्टिम? बहुतेकदा लिनक्स, पण अपडेट्स किती वर्षं मिळणार ते बघून. सेंटओएस 8 चा सपोर्ट 2021 अखेर संपलाच ना! आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली तर रेड वाचवतो. चुकून डिलीट केलंत तर सगळीकडून इमानदारीत पुसतो. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी.

तरी एक गोम राहतेच. जानेवारी 2017 मध्ये गिटलॅबचा डेटा उडाला, तेव्हा बॅकअपच्या पाच सोयींपैकी एकही धड चालत नव्हती. कुणी तपासलंच नव्हतं!

आमच्याकडे घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतात. तुमच्या ऑफिसातला बॅकअप शेवटचा कधी उगवून बघितला होतात?