चाक चिखलात रुततं तेव्हा

आषाढात पुण्याजवळच्या मुळशीत भाताच्या खाचरात चिखलणी चालू असताना पॉवर टिलर रुततो. आधी सगळे गप्प. बांधावरून दोघं उतरतात, डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद बाजूला टाकतात, पोटरीभर चिखलात पाय रोवतात. पहिला हिसका वाया जातो. दुसराही. तिसऱ्या खेपेला त्यातला थोराड गडी दातओठ खात एक शिवी हासडतो. ती टिलरला असते की चिखलाला की पावसाला, कोण जाणे. पण चाक वर येतं. पलीकडच्या खाचरात आवणी करणाऱ्या बायका वाकलेल्याच राहतात. त्यांनी काही ऐकलेलं नसतं.

त्या शिवीचा आणि त्या हिसक्याचा खरोखर काही संबंध असतो का? इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स गेली बरीच वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. बायकोच्या बाळंतपणात तिच्या तोंडून निघालेल्या शिव्या ऐकून आपल्याला हा विषय सुचला, असं त्यांनी सांगितलं आहे. बाळंतिणीला अशा वेळी शिव्या सुचतातच, असं सुईणीनं त्यांना समजावलं होतं. २००९ साली त्यांचा पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी बर्फगार पाण्यात हात बुडवून धरायचा, एकदा शिवी म्हणत आणि एकदा साधा शब्द म्हणत. शिवी म्हणताना हात सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ पाण्यात टिकला. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा इग्नोबेल पुरस्कार २०१० साली या कामाला मिळाला, तोही शांततेसाठीचा.

वेदना सोसणं वेगळं आणि ताकद लावणं वेगळं. म्हणून पुढच्या प्रयोगात त्यांनी माणसं सायकलवर बसवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २९ जणांनी जड केलेल्या स्थिर सायकलवर ३० सेकंद जीव तोडून पायडल मारलं. शिवी म्हणताना त्यांची सर्वोच्च ताकद सरासरी २४ वॅटनी जास्त भरली. दुसऱ्या चाचणीत ५२ जणांनी हाताच्या मुठीनं यंत्र दाबलं. तिथे पकड २.१ किलोनं वाढली. एक अट मात्र होती. शब्द ठाम आणि स्पष्ट उच्चारायचा, ओरडायचं नाही. म्हणजे करामत आवाजाची नव्हती.

रविवारी पहाटे मुळशी धरणापर्यंत जाऊन पुण्याकडे परतणाऱ्या सायकलस्वारांना पिरंगुटच्या घाटात हे सगळं प्रयोगशाळेविना कळतं. चढ संपत नाही, मांड्या पेटलेल्या असतात, मागून ट्रकचा हॉर्न. गिअर उतरवायला जागा उरलेली नसते. मग तोंडातून काहीतरी निसटतं, आणि पुढचं वळण कसंबसं पार होतं.

हे होतं कसं? आधी वाटलं, शिवीनं अंगात संताप चढतो, काळीज धडधडतं, रक्त उसळतं. पण ताकदीच्या या चाचण्यांत शिवी म्हणताना नाडी वेगळी धावली नाही. म्हणून स्टीफन्स आता दुसरीकडे बोट दाखवतात. माणूस ताकद लावतानाही स्वतःला थोडा आवरून धरतो. शिवी म्हणजे बोलू नये ते बोलणं. ते एकदा बोललं की आतला हात जरा सैल सुटतो आणि राखून ठेवलेलं बळही बाहेर येतं. २०२० साली त्यांनी ‘फाउच’ आणि ‘ट्विझपाइप’ असे दोन नवे शब्द घडवून पाहिले. पहिला कानाला शिवीसारखा लागे, दुसरा गमतीदार, पण त्यांनी वेदना तसूभरही कमी झाली नाही. शिवीला आयुष्य लागतं. लहानपणी तिच्यापायी पाठीत धपाटा बसलेला असावा लागतो. आणि २०११ च्या प्रयोगातून आणखी एक दिसलं होतं: दिवसभर ज्यांच्या तोंडात शिव्या असतात, त्यांना वेदनेच्या वेळी शिवीचा आधार कमी मिळतो.

मराठीनं तर शिवीच्या धारेवर पिढ्यान्‌पिढ्या हात फिरवला आहे. ‘आयला’, ‘मायला’, ‘च्यायला’ हे शब्द आता आजोबा नातवासमोर बिनदिक्कत उच्चारतात. त्यांतली आई कुणाला दिसत नाही, पण ती तिथे आहे. मराठी शिवीचं हे दुखणं जुनं आहे: ताकद पुरुषाला हवी असते आणि नाव बाईचं घेतलं जातं. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात मात्र सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. वर्षातला तो एक दिवस त्यांचा स्वतःचा असतो.

आणि बळाचंच म्हणायचं तर मुळशीत त्याचं घर म्हणजे तालीम. मुठा गावचे मामासाहेब मोहोळ यांनी महाराष्ट्रातल्या कुस्तीची संघटना उभी केली. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा रंगू लागली, आणि विजेत्याच्या खांद्यावर येणारी चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या मैदानात ती गदा मुठ्याच्याच पृथ्वीराज मोहोळनं उचलली. त्याच मैदानावर पंचाला लाथ मारली गेली, पंचांना शिवीगाळ झाली, आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. खाचरातली शिवी आणि ही शिवी यांत शब्दांचा फरक नसेलही. पण पहिली कुणाच्या अंगावर पडत नाही.

तालमीत शिवी चालत नाही, तिथे हनुमानाची तसबीर असते. पहाटे हौद्यातली तांबडी माती खोऱ्यानं उकरली जाते. तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरलेलं असतं. पोरं जोर मारतात, घाम मातीत गळतो, तोंडातून नुसता हुंकार. शेवटच्या वीस जोरांना दंड थरथरू लागतात. एखाद्याच्या ओठांवर काहीतरी येतं. वस्ताद नुसते बघतात. पोरगं ओठ मिटतं, उठून मांडीवर फाडकन शड्डू ठोकतं, ‘बजरंग बली की जय’ म्हणतं, आणि पुन्हा मातीवर हात टेकतं.