पाण्याच्या वाटेनं विदर्भ

परीक्षा संपल्या, की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा सुट्टीत कुठं जायचं? मुलांना समुद्र हवा असतो, सासूबाईंना देवदर्शन हवं असतं, 'ह्यांना' पंख्याखाली पडून पेपर वाचायचा असतो. तुम्हांला काय हवं, ते सहसा कुणी विचारत नाही. शेवटी महाबळेश्वर नाहीतर कोकण ठरतं, आणि तिथं जाऊन पाहावं तर निम्मा महाराष्ट्र आपल्या आधीच येऊन बसलेला!

अशा वेळी, "मे महिन्यात विदर्भ पाहून या," असं मी म्हटलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो हे पेपरात आपण दरवर्षी वाचतो. पण मैत्रिणींनो, जरा ऐकून तर घ्या. उन्हाळ्यात घरात पाणी सांभाळायचं काम आपल्याकडंच असतं ना? नळ किती वाजता येतो, पिंप कधी भरायचं, माठ कुठं ठेवला म्हणजे पाणी गार होतं, हे आपल्याला झोपेतसुद्धा ठाऊक असतं. जंगलातही एप्रिल-मेमध्ये सगळा व्यवहार पाण्याभोवतीच चालतो. पानं गळून गेलेली, नाले आटलेले, आणि उरलेल्या चार पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं. म्हणून तर वाघ दिसण्याचे दिवस हेच. पाणी जपणाऱ्या बाईला जंगल लवकर कळतं, असं माझं ठाम मत आहे.

सात-आठ दिवस आणि घरची किंवा भाड्याची गाडी एवढं असलं की झालं. छत्रपती संभाजीनगरहून निघून लोणार, तिथून चिखलदरा आणि मेळघाट, मग सेवाग्राम आणि शेवटी ताडोबा. नागपूरकडच्या मैत्रिणींनी हीच वाट उलटी धरावी.

आधी डब्याचं बोलून घेऊ. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि कांदे एवढंच बरोबर घ्या, आणि तेही दोन दिवसांपुरतंच. पुढं जिथं जाल तिथं जेवा. विदर्भातल्या खानावळीत झुणका-भाकरी, पाटवडीचा रस्सा, भरीत झकास मिळतं. आठ दिवसांचं स्वयंपाकघर गाडीत घालून नेलंत, तर लोणारला जाऊनही तुम्ही ओट्यापाशीच उभ्या राहाल! पाण्याची मात्र कंजुषी नको. मोठा जार भरून घ्या, बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळा, मीठ-साखरेची पुडी आणि कैरीच्या पन्ह्याचा गर जवळ ठेवा. पहाटे पाचला निघायचं, अकराच्या आत मुक्काम गाठायचा आणि चारपर्यंत सावली सोडायची नाही. लांबचा पल्ला असेल तर दुपार वाटेतल्या एखाद्या गावात काढा. एवढं पाळलंत, तर ऊन फारसं त्रास देत नाही.

लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातलं गाव. गाव संपता संपता जमीन एकदम खाली जाते आणि समोर हे भलंमोठं गोल विवर दिसतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर! आकाशातून एक अशनी येऊन काळ्या कातळावर आदळला आणि हा खड्डा पडला. कधी, याबद्दल शास्त्रज्ञांचे अंदाज बदलत आले. आधी सुमारे ५० हजार वर्षं म्हणत, नंतरच्या तपासणीत साडेपाच लाखांच्या पुढचा आकडा निघाला. आपल्याकडची गोष्ट निराळी. लोणासुर नावाचा दैत्य इथं जमिनीखाली राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं सुंदर जुनं देऊळ आहे, ते त्याचंच. त्याच्या भिंतीवरची शिल्पं सावकाश पाहा.

विवराच्या तळाशी तळं आहे. त्याचं पाणी इतकं खारं आणि क्षारयुक्त, की त्यात मासे जगत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये हे तळं चक्क गुलाबी झालं होतं. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं तो रंग आला, असं तपासणीत आढळलं. त्याच वर्षी या तळ्याला जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरच्या यादीत स्थान मिळालं.

आणि गंमत पाहा. या खाऱ्या तळ्याच्या वरच, विवराच्या काठाला, गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. गाव तिला 'धार' असंच म्हणतं. खाली कमळजादेवीच्या देवळापाशी एक विहीर आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट, असं सांगतात. तिचं नाव काय असेल? सासू-सुनेची विहीर! गोड कोण आणि खारट कोण, हा वाद घरी जाऊन घाला. तळ्याची पातळी वाढली, की ही विहीर पाण्याखाली जाते. दिसली नाही तर हिरमुसू नका. खाली उतरायचं ते सकाळीच. चढून यायला दम लागतो, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच दर्शन घ्यावं.

लोणारहून अकोल्यामार्गे परतवाडा गाठायचा आणि तिथून घाट चढायचा. खाली भट्टी पेटलेली असते आणि वर चिखलदऱ्याला पोचलं की संध्याकाळी अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटतो. समुद्रसपाटीपासून हे ठिकाण अकराशे मीटरवर आहे. कीचकाला भीमानं मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं झालं चिखलदरा. भीमानं हात धुतले ते भीमकुंड. उन्हाळ्यात इथले धबधबे आटलेले असतात, ते मनात धरूनच जा. पण कॉफीची झाडं मुलांना दाखवा. विदर्भात कॉफी पिकते हे ऐकून शाळेतल्या बाईसुद्धा चकित होतील. इथल्या गवळ्यांकडची रबडीही खाऊन पाहा.

जवळच गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीनं तो मराठ्यांकडून घेतला. बारा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. गडावरची तळी पाहिली, की डोंगरमाथ्यावर एवढं मोठं सैन्य कसं राहत होतं ते कळतं.

चिखलदऱ्याखाली मेळघाटचं जंगल पसरलं आहे. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत हे एक होतं. गुगामल राष्ट्रीय उद्यान याच्याच पोटात आहे. सेमाडोह, कोलकासकडं जाताना सिपना नदी सोबत करते. मेमध्ये तिचे नुसते डोह उरलेले असतात आणि त्या डोहांवर सकाळ-संध्याकाळ पाखरांची गर्दी असते. डोंगर फार, झाडी दाट. म्हणून इथं वाघ सहसा दर्शन देत नाही. त्याऐवजी रानपिंगळ्याची चौकशी करा. हे छोटंसं घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कुणा अभ्यासकाला दिसलंच नव्हतं. संपलं, असंच सगळे धरून चालले होते. १९९७ साली ते सातपुड्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि पुढं मेळघाटात त्याची चांगली वस्ती आढळली. घुबड असूनही ते दिवसा हिंडतं, त्यामुळं दिसण्याची आशा ठेवायला हरकत नाही. वाटेत कोरकूंची गावं लागतात. एका ओळीत नीट बांधलेली घरं, सारवलेल्या भिंती. बघून आपल्याला आपलं घर आवरावंसं वाटतं!

खाली उतरून अमरावतीमार्गे वर्ध्याला आलं, की सेवाग्राम आठच किलोमीटरवर. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले. मुलं कुरकुरतील, "इथं काय पाहायचं?" त्यांना भर दुपारी बापूकुटीत घेऊन जा. माती, बांबू आणि कवेलूंचं ते घर बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर किती गार लागतं, ते त्यांचं त्यांना कळेल. भिंतीवर मीराबेननी मातीत काढलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. आश्रमात साप पकडायचं साधनही ठेवलं आहे. तिथं साप मारत नसत, पकडून लांब सोडून देत. पुढं ताडोब्याला जाताना ही गोष्ट मुलांच्या मनात असलेली बरी.

आणि आता ताडोबा. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. १९९५ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. नाव पडलं ते तारू या देवावरून. तो गोंडांच्या एका गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला, असं सांगतात. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. मोहर्लीकडून आत जाताना रस्त्याच्या कडेला उंच दगडी खांब दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले. त्यांतून दोर ओवून, घंटा वाजवत चंद्रपूरपर्यंत निरोप पोचवत, असं म्हणतात.

उघड्या जिप्सीत बसलात, की आधी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. डोळ्यांपेक्षा इथं कान कामाला येतात. सांबर ओरडलं, वानर खेकसलं, की वाघ जवळपास असल्याची वर्दी. ऐनाच्या खोडाकडं बघा. मगरीच्या पाठीसारखी साल, आणि उन्हाळ्यासाठी हे झाड खोडात पाणी साठवून ठेवतं. आपल्या माळ्यावरच्या टाकीसारखंच! पाणवठ्यावर वाघ आला, तर त्याची एक लकब टिपा. तो बहुधा पाठमोरा, शेपटीकडून पाण्यात शिरतो आणि मानेपर्यंत बसून राहतो. डोळ्यांत पाणी जायला नको म्हणून ही काळजी. तुमच्या नशिबात वाघ नसला, तरी गवे, अस्वल, रानकुत्रे यांतलं काही ना काही तहानेनं बाहेर पडतंच. काही पाणवठे वनखात्यानं सौरपंप बसवून भरते ठेवले आहेत.

ताडोब्यात आता आसपासच्या गावांतल्या बायकाही गाईड म्हणून काम करतात. तुमच्या वाट्याला तशी कुणी ताई आली, तर वाघाखेरीज तिच्या गावाबद्दलही विचारा. कारण ज्याला पाहायला आपण पैसे मोजून येतो, तो तिच्या अंगणाशी हिंडत असतो. मे महिना हाच तेंदूपानं तोडण्याचा हंगाम. उजाडायच्या आत बायका जंगलात जातात, वाकून वाकून पानं खुडतात, दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधतात. चार-सहा आठवड्यांच्या या कामावर घरचा बराच खर्च भागतो. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, म्हणून धोका जास्त. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. आपल्यासारख्याच संसारी, घरी स्वयंपाक खोळंबलेल्या.

हे सांगून तुमची सहल बिघडवायची नाही. वाघ राहिला पाहिजेच. जंगल राहिलं तर नाले-नद्यांचं पाणी राहील. पण तो राखण्याची किंमत कोण मोजतं आहे, ते आपल्याला ठाऊक असावं, मुलांनाही असावं. मग "एवढे पैसे भरले आणि वाघ दिसला नाही" असा त्रागा आपण करणार नाही. गाडी आणखी पुढं घ्या म्हणून ड्रायव्हरच्या मागं लागणार नाही. गावातल्या बाईकडून मोहफुलं किंवा बांबूची टोपली घेताना दहा रुपयांसाठी घासाघीसही करणार नाही.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. ताडोब्याचं आरक्षण ऑनलाइन आणि बरंच आधी करावं लागतं. सुट्टीत आयत्या वेळी जागा मिळत नाही. सर्वांचं ओळखपत्र जवळ असू द्या. मंगळवारी आतलं जंगल बंद असतं आणि जुलै ते सप्टेंबर तर पूर्णच बंद. भडक कपडे आणि अत्तर नको. खाकी, मातकट, फिके हिरवे सुती कपडे घाला. पहाटेच्या फेरीत लहानग्यांना कानटोपी नाही तरी ओढणी गुंडाळा, धुळीपासून बचाव होतो. आणि जिप्सीत पुढची, नीट दिसणारी जागा एकदा तरी तुम्ही घ्या. पिशव्या सांभाळायला 'हे' आहेत की मागं!