ग्रिडमध्ये बसवलेला ढाक

संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडली की बहुतेक वेळा लय १२०ची, मात्रा चार-चारच्या आणि सप्तकाचे बारा सारखे तुकडे हे आधीच ठरलेलं असतं. बदलायचं म्हटलं तर सगळं बदलता येतं. कोलकात्यात ध्वनी आणि संगीतरचना शिकायला लागलो तेव्हा मी बराच काळ त्यातलं काहीच बदललं नाही. प्लगइन मात्र जमवत गेलो. सुट्टीच्या दिवशी चांदनीच्या बाजारात जायचं, केबली आणि अडॅप्टर घेऊन यायचे, आणि आपण संगीतकार होत चाललोय असं समजायचं.

मी कोल्हापूरचा. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं गाव. घरी पेटी, शाळेत पेटी, भजनाला पेटी. पेटीच्या पट्टीतून निघतो तोच गांधार, यात शंका घेण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. एका विद्यार्थी-लघुपटासाठी ख्यालगायकीत मुरलेल्या एक बाई गायला आल्या. तानपुरा जुळवत बसायचा कंटाळा, म्हणून मी सिंथेसायझरवर ‘सा’ आणि ‘प’ धरून ठेवले. त्या गायल्या, सुंदर गायल्या. नंतर पडद्यावर पाहतो तर त्यांचा गांधार प्रत्येक वेळी रेघेच्या जरा खाली. मी एकेक करून सगळे गांधार वर ओढले.

तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून एक गांधार आपोआप ऐकू येतो. तो ‘सा’पासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचा असतो ४००वर. फरक १४ सेंटचा, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा जेमतेम सातवा हिस्सा. बाईंना ऐकवलं, तेव्हा तो पहिल्याच आलापात कळला. हेडफोन काढून त्या म्हणाल्या, “बाबा, हा गांधार माझा नाही.” यावर गप्प बसावं की नाही? मी त्यांना पडद्यावरची रेघ दाखवली आणि सांगितलं, “दिदी, आता सूर बरोबर लागलाय.” त्या हसल्या, चहा घेतला आणि गेल्या. पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांना वेळ नव्हता.

गंमत म्हणजे हा वाद त्याच शहरात जुना होऊन गेलेला. हाताने भाता मारायची पेटी घडवणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी द्वारकिन ही कोलकात्याचीच, आणि पेटीवर नाराज असलेले रवींद्रनाथही तिथलेच. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, या तक्रारीवरून १९४०मध्ये रेडिओवर तिला बंदी झाली. ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. पण हे मी वाचलं ते काम बिघडवून झाल्यावर. ऐकूनही शिकता आलं असतं. टॉलीगंजच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत पांढरकवड्याचे ख्यालगायक उल्हास कशाळकर १९९३मध्येच गुरू म्हणून रुजू झालेले. आपला माणूस या शहरात शिकवतो, हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो. ऐकायला गेलो नाही. त्यांच्या गाण्याच्या संध्याकाळीही मी खोलीत हेडफोन लावून कुठल्या तरी रिव्हर्बची शेपटी लांबवत असे.

ढाकाच्या बाबतीत तर दोन चुका केल्या. सप्तमीला पाड्यातल्या दुर्गापूजेत ढाक चांगला रेकॉर्ड झाला होता. खांद्याला लटकवलेलं ते अवजड पिंप, एकाच तोंडावर दोन बारीक काड्या, शेजारी काशाची थाळी बडवणारा पोरगा. ढाकी आरतीचा जोर पाहून लय किंचित पुढे रेटतो, थाळी त्याच्या मागून येते, आणि त्या ओढाताणीतच सगळी मजा असते. मी ते क्वांटाइझ केलं. प्रत्येक ठोका ग्रिडच्या रेघेवर. दुसऱ्या दिवशी ढाकीकाकांना कौतुकाने ऐकवलं, तर त्यांनी विचारलं, “कोण वाजवतंय हे?”

मूळ फाइलवरच बदल जपून ठेवले होते, त्यामुळे परतीची वाट नव्हती. म्हटलं, संधिपूजा आहेच. अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४, अशी ती ४८ मिनिटांची पूजा वर्षातून एकदाच येते. काका हात मोकळे करत होते तेव्हा मी लेव्हल लावली आणि निर्धास्त झालो. १०८ दिवे उजळले, तसे ढाक, शंख, बायकांचा उलूध्वनी सगळं एकदम उठलं. मीटर शून्याला जाऊन चिकटला. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं. घरी येऊन पाहिलं तर लाटांचे माथे विळ्याने कापल्यासारखे सपाट. लघुपटात शेवटी तयार लायब्ररीतला ढाक लावला. तो ग्रिडमध्ये अगदी व्यवस्थित बसला.

कोलकात्यात संगीतरचना शिकायला येणाऱ्यांनी पूजेच्या आधी सियालदा स्टेशनबाहेर जरूर जावं. गावोगावचे ढाकी तिथे कामाच्या शोधात जमतात, वाजवून दाखवतात. पहिल्या दिवशी नुसतं ऐका. रेकॉर्डर नेलात, तर लेव्हल सर्वांत जोरकस ठोक्यावर लावा आणि वर बारा-पंधरा डेसिबल मोकळे सोडा. मूळ फाइलची प्रत आधी वेगळी काढा, आणि मगच सॉफ्टवेअर उघडा. उघडलंत की आधी ग्रिड बंद करा.