कपबशीची ४१ मतं

परवा नातवाने फोनवर विचारलं, "आजी, तू खरंच इलेक्शन हरली होतीस?" म्हटलं, हो रे बाबा, चांगली सणसणीत हरले होते. नातेवाईकांना ही गोष्ट अर्धीमुर्धीच माहीत आहे, म्हणून आज पुरी लिहून टाकते.

२०२१ च्या जानेवारीत राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यात आमचं गावही होतं. जागा ९. देवळात बैठक झाली आणि ९ नावं ठरली. सगळं बिनविरोध. बिनविरोध गावाला निधी देऊ, असं एका पुढाऱ्याने जाहीर केलं होतं. त्यातून शाळेला कुंपणाची भिंत बांधायची, असंही ठरलं. मी २८ वर्षं शिकवलं, तीच शाळा.

९ नावांत ५ बायका होत्या, बैठकीत मात्र एकही नव्हती. आमच्या प्रभागातल्या स्त्री-राखीव जागेवर माझ्याच एका विद्यार्थिनीचं नाव होतं. ते तिच्या नवऱ्याने सुचवलं होतं. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तालुक्याला जाऊन अर्ज भरून आले.

मग घरी माणसांची रीघ लागली. "बाई, गावाचा एकोपा मोडू नका." "बाई, तुमच्या हट्टापायी पोरांची भिंत जाईल." धाकटे दीर तर बोलेनासे झाले. भिंतीचं ऐकून मन खरंच डळमळलं. त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघडकीस आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. आमच्याकडे लिलाव नव्हता. पण मत द्यायची वेळही कुणावर येणार नव्हती. ४ जानेवारी हा अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. दुपारचे ३ वाजेपर्यंत घरात गप्प बसून राहिले.

चिन्ह मिळालं कपबशी. तोंडाला मास्क लावून एकटीच घरोघर फिरले. एक म्हातारी म्हणाली, "बाई, कपबशी दावताय, च्या कुठाय?" बऱ्याच घरांत उलट मलाच चहा मिळाला, पण नजरेला नजर कुणी दिली नाही.

१५ तारखेला मतदान, १८ ला मोजणी. तिला २३४, मला ४१. त्यात घरची किती, ते मी मोजलेलं नाही.

गुलाल खाली बसल्यावर दोन दिवसांनी ती एकटीच पेढे घेऊन आली. पाया पडली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही उभ्या नसता तर मी ह्यांच्या नावावरच गेले असते. आता २३४ माणसांनी मत दिलंय. पहिल्या सभेला काय बोलू, ते सांगा." मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पंचायतीचा जमाखर्च कसा वाचायचा, काय विचारायचं, ते तिला आखून दिलं. पाचवीत द्यायचे तसंच.

पुढे ती सभांना स्वतः जाऊ लागली. नवरा बाहेर गाडीपाशी थांबायचा.

भिंत मात्र अजून झालेली नाही. ती माझ्यामुळे गेली, हे मी नाकारत नाही. संध्याकाळी शाळेच्या मैदानात गुरं शिरलेली दिसली की काठी घेऊन मीच हाकलायला जाते. तेवढं माझ्याकडे लागतं.