देव म्हणजे सुपरव्हायझर?

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत मराठीचा पेपर म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने लाल शाई! त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण ही गोष्ट मला इंग्रजीत लिहिताच आली नसती. ती घडली बदनापूरला, माझ्या आज्जीच्या भाषेत.

संभाजीनगरहून जालन्याला जाताना बदनापूर लागतं. शेतीवाल्यांना ते तुरीच्या वाणांमुळे ठाऊक असतं, बाकीच्यांना फक्त एसटीच्या बोर्डामुळे. फर्स्ट इयरला नाताळात मी केक आणला तेव्हा रूममेट म्हणाली, "तू ख्रिश्चन? मग तुझं नाव मराठी कसं?" मला हसू आलं. आमच्या भागात ख्रिस्ती लोक काल-परवा आलेले नाहीत. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गावच वसवलं. आमची उपासना मराठी, भजनं मराठी, भांडणंसुद्धा मराठीच!

तर मुद्द्यावर येते. जन्माने ख्रिस्ती आणि शाळा सिस्टर्सची, म्हणजे देव मला दोन्हीकडून मिळाला. पण माझ्या डोक्यात तो कसा होता माहितेय? परीक्षेतल्या सुपरव्हायझरसारखा. मागून हळूच येणारा, कुणाकडे चिठ्ठी आहे ते बघणारा. असं मला कुणी शिकवलं नव्हतं, हे गणित माझं मीच मांडलं होतं. मार्क चांगले, वागणं चांगलं, तर देव खूश. नाहीतर पेपर काढून घेणार!

सेकंड इयरला एम-थ्री राहिला. रिझल्ट लागला त्या संध्याकाळी पप्पांचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑल क्लिअर." एवढे दोनच शब्द. पुढच्या रविवारी पप्पांनी उपासना झाल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. मम्मीने ते फोनवर कौतुकाने सांगितलं आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले.

त्यानंतर मी प्रार्थना बंद केली. देवावर राग नव्हता, तोंड दाखवायची लाज वाटत होती. मेसमध्ये हसायचे, लेक्चरला बसायचे, घरून फोन आला की पोटात गोळा यायचा. एक खोटं टिकवायला रोज नवं खोटं. बॅकलॉगचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा सुट्टी काढून घरी गेले, पण सांगायचं धाडस होईना.

आज्जीला आता नीट दिसत नाही. ती म्हणाली, "पोरी, लक्ष्मीबाईचं पुस्तक वाच गं थोडं." म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. मी अडखळत वाचायचे आणि आज्जी माझे उच्चार सुधारायची. मला वाटलं होतं धार्मिक पुस्तक असेल, कंटाळा येईल. पण ही बाई तर स्वतःलाही हसते!

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बायकोला न सांगताच बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या टिळकांकडे आल्या, तरी आपलं सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाशी वाद घालत राहिल्या आणि एके दिवशी त्यांना पटलं की माणूस देवाने केला, जाती माणसांनी केल्या. त्या दिवशी विटाळाची भीती गळून पडली. मग 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

इथे मी थांबले. आज्जीने विचारलं, "काऊन थांबलीस?"

मी विचार करत होते, या बाईला मोकळं केलं ते कशाने? नियम पाळून तर नाही. उलट नियम मोडला तर काय होईल ही धास्ती गेली तेव्हा ती मोकळी झाली. आणि मी? माझं सोवळं मार्कांचं होतं. नापासाचा विटाळ लागला म्हणून मी देवापासून, पप्पांपासून लांब बसले होते!

मग आज्जीला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "देवाला तर पहिल्या दिवशीच ठावं होतं. त्यानं तुला सोडलं का? आता जा, बापाला सांग."

लहानपणापासून ऐकलेली उधळ्या पुत्राची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली. तो मुलगा वाटभर माफीचं भाषण तयार करतो, पण बाप त्याला लांबूनच बघतो आणि भाषण पूर्ण व्हायच्या आत गळ्यात पडतो.

माझे पप्पा काही धावत आले नाहीत! ऐकून उठले आणि अंगणात गेले. जेवणापर्यंत बोलले नाहीत. पेढ्यांचं त्यांना फार लागलं होतं, ते मला दिसत होतं. पण ताटावर बसल्यावर म्हणाले, "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?" मला तेवढं पुरलं. त्या रात्री कित्येक महिन्यांनी प्रार्थना केली. काही मागितलं नाही, नुसती बसून राहिले.

एम-थ्री पुढे निघाला, अगदी काठावर. पण नसता निघाला तरी हा लेख मी लिहिला असता.

मित्रमैत्रिणींनो, कुणी धर्म बदलावा म्हणून मी हे लिहिलेलं नाही. टिळकांनीही शेवटच्या काळात मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. मला येशूच्या पायाशी मोकळं वाटलं, तुम्हाला कदाचित तुमच्या विठोबापाशी वाटेल. पण आज आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी घरी खोटा रिझल्ट सांगून एकटं बसलं असेल, तर त्याने किंवा तिने एक फोन जरूर करावा. पलीकडे थोडा वेळ शांतता असेल. ती सोसायची. त्यानंतर जे वाटतं त्यालाच बहुतेक मुक्ती म्हणत असावेत.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष