मेपलवरचे काळे डाग

‘परदेशातल्या तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सोपं लिहा,’ असं संपादकांनी कळवलं. वनस्पतिरोगशास्त्रात सोपं फार थोडं असतं. तरी प्रयत्न करतो.

इथे ऑन्टारिओत ऑगस्ट सरत आला की फोन सुरू होतात. अंगणातल्या नॉर्वे मेपलच्या पानांवर डांबराचे शिंतोडे उडावेत तसे काळे डाग पडलेले असतात आणि झाड आता मरणार, असं लोक धरूनच चालतात. गेल्या वर्षी एका मराठी कुटुंबाने मला पानांचे फोटो पाठवले, ते झाड तोडून झाल्यावर. रोग पसरेल, असं कुणी तरी त्यांना घाबरवलं होतं. खोडाला काहीही झालेलं नव्हतं. ते झाड अजून माझ्या मनातून जात नाही.

हे डाग पाडणारी ‘रायटिस्मा असेरिनम’ ही बुरशी युरोपातली आणि नॉर्वे मेपलही तिकडचाच. डच एल्म रोगाने एल्मची झाडं गेली, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या शहरांनी रस्तोरस्ती हा मेपल लावला. गळलेल्या पानांतल्या काळ्या डागांत बुरशी हिवाळा काढते. वसंतात पालवी फुटायच्या सुमारास डागांवरच्या सुरकुत्या उकलतात, लांबट, बारीक बीजाणू हवेत उडतात आणि कोवळ्या पानांना चिकटतात. आधी पिवळा ठिपका, मग काळा डाग. उन्हाळ्यात त्याच डागात दुसरे बीजाणूही तयार होतात, पण त्यांच्यापासून लागण होत नाही. म्हणजे वर्षाला एकच फेरा. द्राक्षावरची भुरी एका हंगामात फेऱ्यांवर फेरे घेते, म्हणून तिथे पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. इथे डाग दिसल्यावर मारलेलं औषध फुकट जातं. तोवर पानाने वर्षाचं बरंचसं अन्न झाडाला दिलेलंही असतं.

आणि ‘डाग म्हणजे शुद्ध हवा’ हे ऐकलं की मला राहवत नाही. 1976 साली बेव्हन आणि ग्रीनहाल्श यांनी या बुरशीला प्रदूषणाची सूचक ठरवलं: हवेत सल्फर डायऑक्साइड जास्त, तिथे डाग कमी. गंधक बुरशीला मानवत नाही, हे द्राक्षबागायतदाराला सांगायला नको. तेव्हा तर्क चुकीचा नव्हता. पण 1988 साली लीथ आणि फाउलर यांनी एडिंबरातल्या सिकॅमोर मेपलवर पाहिलं, की शहरात डाग कमी असण्याचं कारण झाडाखालीच आहे. तिथला पालापाचोळा झाडून नेला जातो. वसंतात बीजाणू सोडायला जुनी पानंच उरत नाहीत. माझ्या मते या विषयावरचं हे सर्वांत उपयोगी निरीक्षण. तरीही शाळेच्या सहलीत मुलांना अजून पहिलीच गोष्ट सांगितली जाते, याचं वाईट वाटतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा इथली पानगळ चालू असेल. ज्यांच्या अंगणात मेपल आहे त्यांनी बर्फ पडायच्या आत पानं गोळा करून नगरपालिकेच्या गाडीत द्यावीत, शेजाऱ्यालाही सांगावं. बीजाणू कुंपण ओलांडून येतात. कुऱ्हाडीचं इथे काही काम नाही.